जिथे बोट नव्हतं

या वर्षीचा पहिला पळस मला धडगावच्या रस्त्यावर दिसला, आणि माझ्या डाव्या हाताची तर्जनी आपोआप आत मुडपली.

हे लिहिताना मला लाज वाटते. मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्या घरात देव्हारा नव्हता, सायक्लोस्टाइलचं जुनं यंत्र होतं. इतर घरांत संध्याकाळी शुभंकरोती व्हायची तेव्हा मी आईसोबत सतरंजीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. घडीवरून याच तर्जनीचं नख दाबून फिरवायचं, म्हणजे कागद वाऱ्याने उघडत नाही. ‘अंगात येत नाही, अंगावर येतं ते दारिद्र्य’ हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. भूत ही शोषणाची सोय आहे, हे मी सातवीत वक्तृत्व स्पर्धेत बोट रोखून सांगितलं होतं. त्याच बोटाबद्दल आता लिहायचं आहे.

शहाद्यात फाल्गुनातली दुपार पांढरी असते. ऊस तुटून गेलेला, पऱ्हाट्या पेटवून शेतं काळी झालेली, आणि कारखान्याच्या बाजूने मळीचा आंबूस वास. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मात्र एसटी स्टँड उतू जात असतो. गुजरातेतून गाड्या येतात आणि होळीसाठी परतणारी माणसं उतरवतात: गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, झोपलेली लेकरं. तिथून ती जीपच्या टपावर बसून सातपुड्यात चढतात. गावं पुन्हा माणसांनी भरतात. ज्या घरातलं माणूस येत नाही, ते घर त्या दिवसांत ओळखू येतं. दार उघडं असतं आणि आतून कुणी बोलत नसतं.

रशीदचाचांचं दुकान तसं होतं.

चाचा सुतार. खाटा, दरवाजे, पाळणे. आमच्या कलापथकाची ढोलकी फुटली, डफाचं कडं निखळलं की आम्ही त्यांच्याकडेच जायचो. त्यांचा मुलगा युसूफ त्यांच्याच हाताखाली काम करायचा. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. करवत मशीनवर त्याच्या डाव्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, “मशीन नवी व्हती, तोंड गोड करं तिन्हं.” युसूफ सुरतेकडे फर्निचरच्या कारखान्यात गेला. पहिल्या होळीला आला. दुसऱ्या होळीला फोन आला. पुढे फोनही लागेना. चाचा सुरतेला जाऊन आले. कारखान्यात सांगितलं, तो कधीच काम सोडून गेला. एका कचेरीत सांगितलं, “जवान पोरगा आहे, मनाने गेला असेल.” मी तेव्हा चाचांसोबत होते. मी टेबलासमोर बोट रोखून खूप बोलले. आमच्या तालुक्यातून कापूस जातो तेव्हा ट्रकसकट त्याचं वजन होतं, माणसं भरून नेतात तेव्हा किती नेली आणि किती परत आणली हे कुणी विचारत नाही, असं सगळं. टेबलामागचा माणूस माझ्या बोटाकडे बघत राहिला. चाचा मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, “चाल बेटा. च्या पी.”

त्यानंतरच्या फाल्गुनात, म्हणजे मागच्या वर्षी, माझी गिटार तुटली.

धडगावच्या घाटात जीपच्या टपावर बांधली होती. वळणावर वरून मोहाच्या फुलांचं पोतं तिच्यावर कोसळलं. पेटी वाचली, दांडी मोडली. गिटारवाले तिला ‘नेक’, म्हणजे मान, म्हणतात. चाचा दांडी म्हणतात, आणि तोच शब्द आता मलाही बरा वाटतो. होळीच्या आदल्या दिवशी आमच्या पथकातला ढोलवाला जात्र्या याच्या पाड्यावर आमची गाणी ठरलेली होती. मोबाइलवरून नवी दांडी मागवता आली असती, पण गावात सुतार असताना परदेशातून लाकडाचा तुकडा मागवणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. जात्र्या म्हणाला, “तुझ्या तत्त्वात होळीपर्यंत दांडी बसते का बघ.” जात्र्या धडगावच्या वरच्या पाड्यातला. घरी पावरी बोलतो, आमच्याशी शाळेतलं मराठी बोलतो, आणि टोमणा मात्र कुठल्याही भाषेत मारतो.

चाचांनी तुटलेली दांडी हातात घेतली, मोडल्या जागेचा वास घेतला आणि बाजूला ठेवली.

“माळावर युसूफन्या दांड्या शेतस. त्याले शौक व्हता. देख, एखादी कामनी निंघी.”

मी शिडीवरून माळ्यावर चढले. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. एका हिरव्या पंच्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं. मी ते सोडलं. आत चार अर्धवट दांड्या होत्या. युसूफ गिटार बनवतो, हे मला माहीतच नव्हतं. तो वाजवतो हेही नव्हतं. आम्ही चौकात गायचो तेव्हा तो समोरच्या ओट्यावर उकिडवा बसून माझ्या हाताकडे बघायचा, एवढंच मला आठवत होतं.

लाकूड निवडायची चाचांची रीत अशी: दांडी दोन बोटांत सैल लटकवायची, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने मध्यावर ठोकायचं, आणि कान लावायचा. पहिली सागाची होती. टक, आणि गप्प. दुसरी तिवसाची. गाडीची जोखडं त्याचीच करतात. जड आणि बहिरी. तिसरीला आतून चीर होती, ती फाटक्या आवाजात बोलली. चौथी पिवळी, हळदूची. ज्याच्या फण्या करतात ते लाकूड. मी ठोकलं आणि ती वाजली. मी बोट काढलं तरी वाजत राहिली. आवाज विरला, आणि मग माझ्या मागे, माळ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, तसंच काहीतरी एकदा हळूच वाजलं.

मला कारण माहीत होतं. तापलेला पत्रा टकटकतो. खाली चाचांनी हातोडी ठेवली असेल. मी ते कारण स्वतःला सांगितलं आणि शिडीच्या दोन पायऱ्या गाळून खाली उतरले.

चाचांनी हळदूची दांडी उजेडात धरली. रेषा सरळ होत्या, गाठ नव्हती. ज्या टोकाला खुंट्या बसतात तिकडून निम्म्यापर्यंत पाठ गोल केलेली होती, पुढचं लाकूड चौकोनी, करवतीतून आलं तसं होतं. गोल केलेल्या भागावर एका बाजूला खोलगट जागा होती आणि तिच्यासमोर एक उंचवटा. चाचांनी कपाळाला आठी घातली.

“हाई बेढब राही गये,” ते म्हणाले, आणि हात रंध्याकडे गेला. जन्मभर उंचवटे सपाट करणारा हात, तो विचारायला थांबत नाही. त्यांनी दांडी बाकावर दाबली, रंधा टेकवला. टेकवला आणि तसाच राहिला. त्यांचा डावा अंगठा त्या खोलगट जागेत जाऊन बसला होता.

त्यांनी रंधा बाजूला सारला. अंगठा तिथेच ठेवून बाकीची बोटं दांडीभोवती वळवली. मधलं बोट बसलं, अनामिका बसली, करंगळी बसली. तर्जनीला जागा नव्हती. तिच्याखाली तो उंचवटा होता. चाचांनी सावकाश स्वतःची तर्जनी मुडपून घेतली, आणि त्यांचा मोठा हातही दांडीवर बसला.

बाहेर तो पांढरा सन्नाटा होता आणि स्टँडवरून कुठल्या तरी गाडीचा हॉर्न येत होता.

युसूफने दांडी आपल्या हाताने मापली होती. डोळे मिटून धरायची, टोचेल तिथे खरवडायची, पुन्हा धरायची. असं करत गेला होता. जिथे बोट टेकलं तिथलं लाकूड गेलं. जिथे बोट नव्हतं तिथलं लाकूड उरलं. चाचांकडचा त्याचा एकुलता फोटोसुद्धा शाळेतला होता, मिशी फुटायच्या आधीचा. पण त्याचा डावा हात तिथे होता, पोकळ, आपण आत हात घालावा असा.

चाचा म्हणाले, “तुले हाई मी देसू. पन घसानं नही. तो येई तवय त्याले लागी.”

मी म्हटलं, “चाचा, निम्मी तर चौकोनी आहे. पुढची घासल्याशिवाय वाजणार कशी?”

“पुढली घस. त्यानी जशी धरी, तशीच.”

“मी? तुम्ही करा ना.”

त्यांनी पंजा माझ्यापुढे उघडला आणि हसले. “मन्हा हात म्हंजे खोरं शे. त्यान्हा हात तुन्हासारखा बारीक व्हता. डोया मिटी ले. तुन्हा हात नको धरू, त्यान्हा हात धर.”

तो सगळा आठवडा मी दुपारी त्यांच्या दुकानात बसले. सकाळी चाचा स्टँडवर जायचे, गाड्या रिकाम्या होताना बघायचे, आणि दुपारी येऊन माझ्यासमोर बसायचे. कानस, मग काचपेपर, आधी जाड, मग बारीक. मी अंगठा खोलगट जागेत ठेवायचे, तर्जनी मुडपायचे, डोळे मिटायचे आणि हात पुढे सरकवायचे. जिथे टोचेल तिथे खरवडायचं. पिवळी पूड मांडीवर पडायची, तिला कडवट वास होता. सुरुवातीला मी माझ्या हाताशी भांडत होते. आणि एका दुपारी भांडण संपलं. डोळे मिटलेले असताना मला जाणवलं की मी दांडी धरलेली नाही, दांडीने मला धरलं आहे. दुसऱ्या बाजूनेही एक हात आहे. थंड नाही, गरम नाही, नुसता आहे. मी डोळे उघडले. चाचा माझ्याकडे बघत होते.

“धरा का हात?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. कशाला होकार दिला, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

घरी आईने माझं बोट पाहिलं. भाकरी मोडताना ते आत वळलेलं होतं. “ही स्नायूंची सवय आहे,” ती म्हणाली. “गरम पाण्यात धर.” आई बरोबरच होती. आई नेहमी बरोबर असते. मी गरम पाण्यात हात धरला, बोट सरळ झालं. दुसऱ्या दिवशी मोर्चाच्या पत्रकांना घड्या घालताना मी नख फिरवायला गेले तर कागदावर नख टेकलंच नाही. घडीवरून पेर नसलेलं बोट फिरावं, तसं काहीतरी बोथट फिरलं.

मग चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मऊ फडक्याचा गोळा, आणि अंगावरून हात जावा तसा हलका फेर. एक हात वाळला की दुसरा. हळदू आतून पेटल्यासारखी सोनेरी होत गेली. मोडक्या दांडीवरची, तारांखालची पट्टी आडव्या फ्रेटसकट गरम करून सोडवली होती, चाचांनी ती नव्या दांडीवर सरसाने चिकटवली आणि दांडी पेटीत बसवली. तारा ताणताना आतून एक लांब श्वास सुटल्यासारखा आवाज आला. नवं लाकूड ताण घेताना तसं करतंच.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही वर गेलो. जात्र्या त्याही वर्षी ढोल वाजवणार नव्हता, नवस फेडायला होळीत नाचणारा बुध्या होणार होता. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू. त्यासाठी आधीपासून पाळणी करावी लागते. जमिनीवर झोपायचं, बायकोपासून दूर राहायचं, स्वतःचं स्वतः रांधून खायचं. मी त्याला एकदा यावरून सुनावलं होतं की हे व्रतवैकल्य तू तरी सोड. त्या दिवशी पाड्यावर कमरेला घुंगरू बांधताना त्याने आपणहून सांगितलं.

“हे भावाचे आहेत. त्याने मानता घेतली होती, पुरी व्हायच्या आधी गेला. आमच्या घरात अर्धी ठेवत नाहीत. राहिलेली मी करतो.”

“त्याचेच घुंगरू?”

“त्याचेच. दुसरे चालत नाहीत.” मग माझ्याकडे पाहून हसला. “पहिल्या वर्षी पाय दुखले. तो डाव्या पायावर जास्त नाचायचा. आता नाही दुखत. आता मीच डावा झालो.”

“भीती नाही वाटत?”

“कोणाची? भावाची?” तो म्हणाला. “तू पत्रक लिही त्याच्यावर.”

संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा आम्ही गायला उभे राहिलो. मी पहिला कॉर्ड धरला. ज्या कॉर्डला तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात, तो. तर्जनी गेलीच नाही. त्याऐवजी अंगठा वरून वळून आला आणि जाड तारेवर बसला. खोलगट जागा त्यासाठीच होती, हे मला तेव्हा कळलं. उरलेल्या बोटांनी आपापल्या जागा घेतल्या. सूर लागला, पण मला येत होता तसा नाही. थोडा मागे रेंगाळणारा, एक तार गाळून जाणारा. मी तसं कधी वाजवलं नव्हतं. कुणाला वाजवताना ऐकलंही नव्हतं. गाणं मजुरीच्या दराचं होतं, माझंच लिहिलेलं, मुठी आवळून म्हणायचं. त्या दिवशी ते कुणाला तरी हाक मारल्यासारखं झालं. म्हाताऱ्या बायका पुढे येऊन बसल्या. जात्र्या घुंगरांसकट स्तब्ध उभा राहिला.

आमच्या जीपमधून रशीदचाचाही आले होते. ते गर्दीच्या मागे, मोहाच्या झाडाखाली होते. गाणं संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

“तुले कोनी शिकाडं हाई?”

“कुणी नाही.”

“एक तार सोडी देस ना. दुरुस्तीले येल गिटार लीसन माळावर तो असाच वाजाडे. मी खालथून वरडू, आरे, ती एक तारनं काय वाकडं करं तुन्हं?” ते हसायला लागले, आणि हसता हसता वर झाडाकडे पाहत राहिले.

कारण अगदी साधं आहे. त्या दांडीवर तर्जनी मुडपून हात ठेवला की एक तार बोटाखाली येतच नाही. कुणीही वाजवलं तर तसंच वाजेल. हे मला त्याच क्षणी समजलं होतं. समजल्याने अंगावरचा काटा खाली बसला नाही.

वर्षभर मी तीच गिटार वाजवली. सभांमध्ये बोलताना माझ्यात फरक पडला, असं लोक म्हणतात. मी बोट रोखायला जाते आणि समोरच्याला माझी अर्धवट मूठ दिसते. एका साहेबाने तर मी काही द्यायला हात पुढे केला असं समजून आपला हात पुढे केला. मी युसूफबद्दल पत्रक लिहिलं. ‘माणूस बेपत्ता होत नाही, केला जातो’ हे त्याचं शीर्षक. खांडबाऱ्याच्या स्टेशनवर, नवापूरच्या बाजारात, सुरतेच्या गाड्यांमध्ये आम्ही ते वाटलं. एकही उत्तर आलं नाही. आणि तरी भर दुपारी, घरात कुणी नसताना, खुंटीवर टांगलेली गिटार कधी कधी एकच तार वाजवते. बाहेरून ट्रक जातो, भिंत थरथरते. ट्रक गेलेला मला ऐकू येतो. कधी कधी येत नाही.

आज, पळस दिसल्याच्या दिवशी, घरी परतले तर चाचा आमच्या ओट्यावर बसलेले होते. होळी तोंडावर, गाड्या भरभरून येत आहेत, आणि चाचा या वेळी स्टँडवर नाहीत. त्यांच्या मांडीवर रंधा होता.

“गिटार ली ये बेटा.”

मी आणली. त्यांनी ती उलटी करून मांडीवर घेतली, दांडीवरून हात फिरवला.

“आते हाई घसी टाकू. तुन्हा हातनी करी देस. वरीसभर तू दुसराना हात धरीसन वाजाडं. बहू व्हयनं.”

“आणि युसूफ?”

“मी स्टँडवर जानं सोडी दिधं.” त्यांनी रंध्याचं पातं अंगठ्याने तपासलं. “तो येवाव नही. मन्ही वाट देखीसन त्याले बी थांबता येत नही, जाता बी येत नही. मोकया करू त्याले.”

मला राग आला. चाचांनी वाट पाहणं सोडलं तर ज्यांनी त्याला नेलं ते सगळे सुटतात, असं मी म्हणणार होते. वाक्य तयार होतं, पत्रकातलंच होतं. पण चाचांनी रंधा उचलला होता आणि तो उंचवट्यावर टेकवला होता, आणि या वेळी त्यांचा हात थांबणार नव्हता. बापाचा निर्णय होता तो. त्यात माझं काय होतं? गिटारीपुरतंच माझं होतं.

“चाचा, माझ्या हाताची करायची ना? मग आधी माझा हात बघा.”

मी डावा हात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी रंधा खाली ठेवला. माझा पंजा आपल्या त्या खोऱ्यासारख्या हातात घेतला, सुतार लाकूड बघतो तसा उलटासुलटा पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता, खोलगट जागेच्या मापाचा. मग त्यांनी माझी मुडपलेली तर्जनी चिमटीत धरली आणि सरळ केली. ती सरळ झाली. दुखलं नाही. त्यांनी बोट सोडलं.

ते सावकाश पुन्हा आत वळलं, पहिल्या पेराशी थांबलं.

चाचांनी तिथे अंगठा ठेवला. युसूफला जिथे लागलं होतं, बरोबर तिथे. रस्त्यावर कुणी नव्हतं. आत खुंटी रिकामी होती.

“दुखस का रे?” त्यांनी विचारलं. मला ते कधी ‘रे’ म्हणत नाहीत.

मी नाही म्हणाले.